स्कीइंगचे हेल्मेट आणि त्यावर नीट बसणारा गॉगल : निवड कशी करावी?

पलासियाकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. येत्या फेब्रुवारीत मी, सौ. आणि आठवीत शिकणारी आमची कन्या असे तिघेजण स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम करण्यासाठी गुलमर्गला जाणार आहोत. बूट, स्की आणि काठ्या तिथेच भाड्याने घ्यायच्या, हे ठरलेले आहे. प्रश्न उरला आहे तो हेल्मेट आणि गॉगल यांचा. इंदुरात या वस्तू डोक्यावर चढवून, पारखून घ्यायला फारसा वाव नाही, त्यामुळे खरेदी बहुधा ऑनलाइनच करावी लागेल, आणि तिथली वर्णने वाचून माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतच चालला आहे.

मला चष्मा आहे, कन्येचे केस लांब आहेत आणि सौ.चे म्हणणे असे, की घरात दुचाकीची उत्तम हेल्मेटे असताना आणखी तीन विकत घेण्याचे कारण काय. आधी हेल्मेट घ्यावे की गॉगल, दोन्ही एकाच कंपनीचे असावे लागतात का, आणि दुचाकीच्या हेल्मेटाला नेमकी हरकत कोणती, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

हिमवाट (इंदूर)

पलासियाकर, आधी हेल्मेट, मग त्या हेल्मेटावर बसेल असा गॉगल. हा क्रम उलटा करू नका. गॉगलच्या चौकटीत निवडीला भरपूर वाव असतो, डोक्याच्या आकारात मात्र काहीच फेरफार करता येत नाही.

शिंप्याची टेप घेऊन भुवयांच्या साधारण बोटभर वरून, कानांच्या वरच्या बाजूने आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर आलेला असतो त्यावरून घेर मोजा. हे माप सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक कंपनीच्या तक्त्याशी स्वतंत्रपणे ताडून पाहा, कारण एका कंपनीचे ‘मीडियम’ दुसरीच्या ‘लार्ज’शी जुळते, असे सर्रास घडते. घेर दोन मापांच्या सीमेवर येत असेल तर दोन्ही मापे मागवून एक परत करण्याची तयारी ठेवा.

घेर जुळला म्हणजे हेल्मेट बसले असे मात्र नव्हे. काही डोकी वरून पाहिल्यास गोलसर असतात, तर काही पुढून मागे लांबट. लांबट डोक्यावर गोल साच्याचे हेल्मेट घातले की कपाळ आणि मागचा भाग दुखू लागतो आणि कानांच्या वरच्या बाजूला बोट जाईल इतकी जागा मोकळी राहते. अशा वेळी मोठे माप घेऊन दुखणे थांबते, पण हेल्मेट सैल होते. तेव्हा मोठे माप घेण्यापेक्षा वेगळ्या साच्याचे हेल्मेट शोधावे. योग्य हेल्मेट घातल्यावर सर्व बाजूंनी सारखा दाब जाणवतो, पण कुठेही टोचत नाही. हनुवटीचा पट्टा न लावता मान हलवून पाहिली, तर कपाळाची कातडी हेल्मेटाबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून घसरता कामा नये. मागचे फिरवायचे चाक शेवटचा बारीक फरक भरून काढण्यासाठी असते. ते पूर्ण आवळल्यावरच हेल्मेट बसत असेल, तर माप मोठे आहे असे खुशाल समजावे.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना आवर्जून सांगावी लागते : हेल्मेटाखाली माकडटोपी घालायची नाही. लोकरीचा जाड थर मध्ये आला की हेल्मेट डोक्याला धरत नाही. हेल्मेटाच्या आतले अस्तर आणि कानांवरच्या गाद्या पुरेशी ऊब देतात; फारच थंडी वाजली, तर अगदी पातळ कापडाची, डोक्याला घट्ट बसणारी टोपी चालते, पण मग हेल्मेटही ती टोपी घालूनच पारखावे.

दांडियाबाजार (वडोदरा)

दुचाकीच्या हेल्मेटाबद्दल मी लिहितो, कारण प्लास्टिकचे साचे आणि फोम हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

आपल्याकडची दुचाकीची हेल्मेटे आयएस ४१५१ या भारतीय मानकानुसार बनतात. हे मानक रस्त्यावरच्या अपघातांचा विचार करून लिहिलेले आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. स्कीइंगच्या हेल्मेटांसाठी मात्र युरोपात ईएन १०७७ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ २०४० ही वेगळी मानके आहेत. ईएन १०७७ च्या चाचणीत हेल्मेट थंड करूनही आपटून पाहिले जाते, कारण गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली गेल्यावर प्लास्टिकचे वागणे बदलते, काही प्रकार तर ठिसूळ होतात. या चाचणीत हेल्मेट घातलेले कृत्रिम डोके सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने, म्हणजे ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटरने, ऐरणीवर आदळते आणि डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटींच्या आत राहावा लागतो. म्हणजेच हेल्मेट कितीही महाग असले, तरी उतारावर ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला झाडावर सरळ आदळण्याची मुभा ते देत नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यतींसाठी असलेल्या कठोर नियमातही आदळण्याचा वेग सेकंदाला ६.८ मीटर एवढाच आहे.

ईएन १०७७ मध्ये अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. अ वर्गातले हेल्मेट डोक्याचा अधिक भाग झाकते आणि टोकदार वस्तू आत घुसू नये म्हणून त्याची कसोटीही अधिक कडक असते. ब वर्गात कानांवर मऊ गाद्या असतात, त्यामुळे ऐकू चांगले येते आणि हवाही खेळती राहते. नवशिक्यांसाठी ब वर्ग पुरेसा आहे, असे माझे मत आहे, कारण शिकताना मागून येणाऱ्याची हाक आणि प्रशिक्षकाची सूचना कानावर पडणे महत्त्वाचे असते. संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या दुचाकीच्या हेल्मेटात नेमकी हीच अडचण होते : कान बंद होतात, बाजूचे दिसणे कमी होते, मानेवर वजन येते आणि स्कीचा गॉगल बसवायला जागाच उरत नाही. स्कीइंगचे हेल्मेट साधारण ४०० ते ६०० ग्रॅम वजनाचे असते. दुचाकीचे बहुधा त्याच्या दुपटीच्या घरात जाते.

वहिनींना एवढे सांगा, की घरातली हेल्मेटे इंदूरच्या रस्त्यावर वापरलीच पाहिजेत, पण ती तिथेच.

खजराना_रोड (इंदूर)

मला हे सारे जरा अतिरेकी वाटते. ज्या गावात बर्फ फक्त गोळ्यावर सरबत ओतायला लागतो, तिथल्या माणसाने आयुष्यात एखाद्या वेळी होणाऱ्या सहलीसाठी एवढा खर्च का करावा? गुलमर्गला हेल्मेट भाड्याने मिळते. शिवाय पूर्वी कोण हेल्मेट घालत होते? उलट डोक्यावर वजन ठेवल्याने मानेला इजा होते, असेही मी ऐकले आहे.

हिमवाट (इंदूर)

भाड्याचा मुद्दा योग्य आहे, त्याकडे मी येतो. मानेचा मुद्दा मात्र टिकत नाही. ‘कॅनडियन मेडिकल असोसिएशन जर्नल’मध्ये २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये डोक्याला इजा होण्याचा संभव सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला आणि मानेच्या इजा वाढल्याचे दिसले नाही.

आता भाड्याविषयी. हेल्मेट भाड्याने घेणे चुकीचे नाही, विशेषतः मुलांसाठी, कारण ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठे माप घेण्याची आपली सवय कपड्यांपुरती ठीक आहे, हेल्मेटाच्या बाबतीत ती धोक्याची ठरते. पण भाड्याच्या हेल्मेटाचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. बहुतेक हेल्मेटांच्या आत ईपीएस, म्हणजे फुगवलेल्या पॉलिस्टायरिनचा थर असतो, आणि तो जोराचा आघात एकदाच सोसू शकतो : स्वतः चिरडून तो ऊर्जा शोषतो आणि चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही. बाहेरचे कवच मात्र बऱ्याचदा तसेच गुळगुळीत दिसत राहते. म्हणून भाड्याचे हेल्मेट घेताना अस्तर बाजूला सारून आतल्या फोमला तडा किंवा खळगा आहे का ते पाहा, पट्ट्याचे कुलूप उघडून-लावून पाहा आणि आतले लेबल वाचा. लेबलावर मानकाचा क्रमांक नसेल, तर ते परत करा.

गॉगल मात्र भाड्याने घेऊ नका, तो स्वतःचाच असू द्या. शेकडो हातांनी पुसलेली काच, घामाने मळलेला फोम आणि ढिला पडलेला पट्टा यांची बेरीज उतारावर फार महाग पडते.

लष्करची_लेक (ग्वाल्हेर)

मी नेत्रचिकित्सक असल्याने गॉगलच्या काचेविषयी थोडे लिहिते. (मालवा एक्सप्रेसने जाणार असाल, तर गाडी आमच्या ग्वाल्हेरवरूनच पुढे जाते, डबा पाठवण्याची व्यवस्था होऊ शकेल.)

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, गुलमर्ग २,६०० मीटरांहून उंच, आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रज्जुमार्गाचा, दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या अंगाला ३,९०० मीटरांच्या पुढे नेतो. दर हजार मीटरांमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणजे डोळ्यांवर वरून आणि खालून असा दुहेरी मारा होतो. उघड्या डोळ्यांनी दिवस काढला, तर डोळ्यांच्या पारदर्शक पडद्याला अक्षरशः भाजल्यासारखी इजा होते. वेदना लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते आणि पाणी वाहते. साधा उन्हाळी चष्मा बाजूंनी उघडा असतो, म्हणून तो पुरत नाही.

काचेचा गडदपणा आणि अतिनील किरणांपासूनचे संरक्षण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे माझ्या रुग्णांनाही पटवून द्यावे लागते. संरक्षण पूर्ण आहे ना, हे लेबलावरून पाहावे आणि गडदपणा हवामानानुसार निवडावा. त्यासाठी एस ० ते एस ४ अशा श्रेणी असतात. एस १ मधून ४३ ते ८० टक्के प्रकाश आत येतो, एस २ मधून १८ ते ४३, एस ३ मधून ८ ते १८ आणि एस ४ मधून ३ ते ८ टक्के. गुलमर्गला फेब्रुवारीत लखलखीत ऊन पडते, तसेच दिवसभर हिमवर्षावही होत राहतो. ढगाळ दिवशी सगळा उतार सपाट पांढरा भासतो, चढउतार नजरेला कळतच नाहीत आणि नवशिके नेमके तेव्हाच पडतात. अशा वेळी गुलाबी, पिवळसर किंवा नारिंगी छटेची एस १ काच उपयोगी पडते. काच बदलता येईल असा गॉगल घेऊन एस १ आणि एस ३ अशा दोन काचा जवळ ठेवणे उत्तम. एकाच काचेवर भागवायचे असेल, तर एस २ घ्या आणि कडक उन्हात थोडे डोळे मिटमिटावे लागतील हे मान्य करा. एस ४ प्रखर उन्हातल्या हिमनदीसाठी ठीक आहे, आपल्याला तिचा उपयोग नाही.

पलासियाकर (इंदूर)

ताई, डब्याचे आमंत्रण आत्ताच स्वीकारतो. आता माझ्या चष्म्याचे काय करावे? गॉगलमध्ये चष्मा बसला, तरी तो धुक्याने भरून जाईल अशी भीती वाटते. आणि दोन्ही वस्तू एकमेकींशी ‘जुळणे’ म्हणजे नेमके काय, हे अजून माझ्या लक्षात आलेले नाही.

हिमवाट (इंदूर)

हाच या धाग्याचा गाभा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हेल्मेट घालून गॉगल लावल्यावर हेल्मेटाची पुढची कड आणि गॉगलची वरची कड एकमेकींना हलकेच टेकली पाहिजेत. त्यांच्यात फट राहिली, तर कपाळाची तेवढी पट्टी उघडी पडते, वेगात तिथे गार वारा लागून डोके ठणकू लागते आणि ताज्या बर्फात पडल्यास बर्फ नेमका तिथूनच आत शिरतो. याच्या उलट, हेल्मेटाची कड खाली येऊन गॉगलला दाबत असेल, तर गॉगल नाकावर घसरतो, नाकपुड्या दबतात, आणि मुख्य म्हणजे गॉगलच्या वरच्या कडेवरची हवेची छिद्रे बंद होतात. बहुतेक लोक फटीकडेच पाहतात. माझ्या मते दुसरा दोष अधिक त्रासदायक असतो, कारण तो आरशात दिसत नाही, थेट उतारावर काच धुरकटल्यावरच कळतो.

धुके धरण्यामागचे कारण समजून घेतले, तर निवड सोपी होते. चेहऱ्याची उष्ण, दमट हवा थंड काचेला लागली की तिच्यातली वाफ काचेवर जमते. म्हणून चांगल्या गॉगलला दोन काचा असतात. मध्ये हवेचा बंदिस्त थर राहिल्याने आतली काच फार थंड होत नाही. शिवाय आतल्या काचेवर ओल पसरवून टाकणारा लेप असतो. एवढे असूनही दमट हवेला बाहेर जायला वाट हवी. गॉगलच्या खालच्या छिद्रांतून कोरडी हवा आत येते, वरच्या छिद्रांतून दमट हवा बाहेर पडते, आणि चांगल्या हेल्मेटांच्या पुढच्या कडेला असलेल्या खाचा ती हवा हेल्मेटाच्या आतून मागे ओढून नेतात. गॉगलची वरची छिद्रे हेल्मेटाच्या या खाचांसमोर आली, तरच ही वाट सलग राहते.

एकाच कंपनीचा जोड घेतला, तर कडांचे वळण आणि छिद्रे जुळण्याची शक्यता बरीच वाढते, पण तशी सक्ती नाही, आणि एकाच कंपनीची प्रत्येक चौकट तिच्या प्रत्येक हेल्मेटावर बसेलच अशी खात्रीही नाही. चौकटीची रुंदी पाहा : ती हेल्मेटाच्या दोन्ही बाजूंच्या कडांच्या आत सहज मावली पाहिजे, नाहीतर कडा चौकटीला बाहेर ढकलतात, गालांजवळ फोम उचलला जातो आणि वारा डोळ्यांत घुसतो. पट्टा हेल्मेटाच्या बाहेरून जाऊन मागच्या पकडीत अडकला पाहिजे. तो पूर्ण ताणावा लागत असेल, तर गॉगल नाकावर रुतणार हे निश्चित. पट्ट्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉनच्या रेघा असल्या, तर तो गुळगुळीत कवचावरून सरकत नाही.

चष्म्यासाठी मुद्दाम खोल केलेले गॉगल मिळतात. त्यांच्या फोमला कानशिलांपाशी दांड्यांसाठी खाचा असतात. त्यांची चौकट मोठी असल्यामुळे रुंदीची अडचण त्यांच्यातच अधिक येते, हे लक्षात ठेवा. चष्म्याची काच मात्र गॉगलच्या दुहेरी रचनेच्या बाहेरच राहते, त्यामुळे ती आधी धुरकटते. त्यासाठी चष्म्यावर धुकेरोधक द्रव लावता येतो, किंवा नंबराची छोटी चौकट गॉगलच्या आत बसवून घेता येते.

लष्करची_लेक (ग्वाल्हेर)

याला पुस्ती जोडते. पूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्या असतील, तर उतारावर रोज वापरून टाकायच्या लेन्स हा सर्वांत सुटसुटीत पर्याय आहे. त्या वापरण्याची सवय मात्र इंदुरातच, जाण्याच्या पुष्कळ आधी करून घ्या. गुलमर्गच्या हॉटेलात थंडीने आखडलेल्या बोटांनी पहिला प्रयोग करणे शहाणपणाचे नाही. लेन्स डोळ्यांत असल्या तरी गॉगल लागतोच.

आणि मफलर. आपल्याकडे थंडी म्हटली की मफलर नाकापर्यंत गुंडाळतात. तसे केले की उच्छ्वासाची सगळी वाफ सरळ वर गॉगलमध्ये जाते, मग कितीही महागडी काच असो. मफलर नाकाखाली ठेवा. गॉगलची आतली काच बोटाने किंवा हातमोज्याने कधीही पुसू नये, लेप निघून जातो. बर्फ गेला असेल, तर झटकून टाकावा आणि ओल मऊ कापडाने केवळ टिपून घ्यावी. थांबल्यावर गॉगल कपाळावर चढवून ठेवणेही टाळावे. घामेजलेल्या कपाळाची वाफ त्यात साठते.

कन्येचे केस मानेपाशी सैल वेणीत बांधा. अंबाडा, उंच पोनीटेल, मोठ्या पिना आणि कानांतले डूल हेल्मेटाखाली नकोत. हेल्मेटाचे माप घेतानाही केस त्याच पद्धतीने बांधलेले असू द्या.

खजराना_रोड (इंदूर)

ठीक आहे, मानेबद्दल मी ऐकीव बोललो होतो. पण जाहिरातींत ज्याचा गाजावाजा असतो त्या ‘मिप्स’साठी जास्तीचे पैसे मोजावेत का? हेल्मेटावर त्याची खूण असलेला तो पिवळा ठिपका पाहिला की किंमत वाढलेली असते.

दांडियाबाजार (वडोदरा)

संकल्पना भक्कम आहे. मिप्स ही स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय संशोधकांनी मिळून विकसित केलेली रचना आहे. प्रत्यक्ष पडताना डोके बहुधा तिरके आपटते आणि त्यामुळे मेंदूला पीळ बसतो. सरळ आघाताच्या चाचणीत हा पीळ मोजलाच जात नाही. मिप्समध्ये हेल्मेटाच्या आत एक पातळ, घसरता थर असतो आणि आघाताच्या क्षणी तो डोक्याला हेल्मेटाच्या आत १० ते १५ मिलिमीटर सरकू देतो, म्हणजे पिळाचा काही भाग तिथेच विरतो. इतर कंपन्यांच्याही याच हेतूच्या रचना आहेत.

मी स्वतः पैसे मोजीन, पण एका अटीवर : हेल्मेट आधी डोक्यावर नीट बसले पाहिजे. मिप्स असलेले सैल हेल्मेट आणि मिप्स नसलेले घट्ट, नीट बसलेले हेल्मेट यांत मी दुसरे निवडीन. या थराने आतली जागा किंचित कमी होते, हेही माप ठरवताना धरावे.

साठवणीबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडचा उन्हाळा या वस्तूंचा खरा शत्रू आहे. मे महिन्यात बंद मोटारीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर हेल्मेट ठेवले, तर फोमला कवचाशी जोडणारा गोंद आणि गॉगलचा फोम दोन्ही लवकर खराब होतात. कपड्यांच्या कपाटातला खालचा कप्पा सर्वांत चांगला. कवचावर रंग किंवा कोणतेही रासायनिक द्रावण लावू नका, कवचाच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला सूक्ष्म तडे जाऊ शकतात. साबणाचे पाणी पुरेसे आहे. काही आघात झालेला नसला, तरी उत्पादक साधारण तीन ते पाच वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगतात.

पलासियाकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. कन्येसाठी हेल्मेट भाड्याने आणि गॉगल नवा, आम्हां दोघांसाठी दोन्ही नवे, असे ठरवले. माझे हेल्मेट परवा आले आणि वर सांगितलेल्या सर्व कसोट्यांना ते उतरले. आज दुसऱ्या कंपनीचा, चष्म्यावर लावायचा गॉगल आला. कपाळावर बोटभर फट राहते. हेल्मेट थोडे खाली ओढले की फट नाहीशी होते. असे केलेले चालेल का?

हिमवाट (इंदूर)

नाही. हेल्मेटाची कड भुवयांच्या वर साधारण बोटभर राहिली पाहिजे. फट बुजवण्यासाठी ते पुढे ओढले, तर डोक्याचा मागचा भाग उघडा पडतो आणि वर पाहताना दिसणेही अडते. हेल्मेट जिथे नीट बसते तिथेच राहू द्या, गॉगल परत पाठवा आणि उंचीला मोठी चौकट असलेला दुसरा मागवा. मागवण्यापूर्वी हेल्मेट घालून, नाकाच्या दांडीपासून हेल्मेटाच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजून ठेवा आणि विक्रेत्याला चौकटीच्या मध्यभागाची उंची विचारा. नवा गॉगल आला की हेल्मेट आणि चष्मा यांसह तो घरात पंधरा-वीस मिनिटे घालून बसा, वर-खाली पाहा, तोंड उघडून पाहा, आणि वहिनींना बाजूने एक छायाचित्र काढायला सांगा. फट आणि दाब दोन्ही बाजूनेच स्पष्ट दिसतात. परत करण्याची मुदत संपेपर्यंत काचेवरचे संरक्षक आवरण आणि लेबले काढू नका.